वाटणीत न बसणारं रत्न

तेरा ड्वार्फ (डोंगर पोखरून राहणारे बुटके कारागीर) आणि एक हॉबिट (त्यांच्याहूनही ठेंगणा), म्हणजे एकूण चौदा वाटेकरी. जायचंय एका डोंगराकडे. डोंगराच्या पोटात खजिना आहे आणि खजिन्यावर ड्रॅगन बसलाय. चौदाव्या गड्याला, म्हणजे बिल्बो बॅगिन्सला, चोर म्हणून कामावर घेतलंय. त्याचा मेहनताना लेखी ठरलेला: एकूण नफ्याचा जास्तीत जास्त एक चतुर्दशांश, तोही नफा झालाच तर. कराराचा हा कागद त्याच्या घरात घड्याळाखाली ठेवलेला सापडतो. हिशेब इतका सरळ की यात भांडण कुठून शिरेल असं वाटावं. भांडण शिरतं ते एका दगडावरून.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मधलं हे रत्न म्हणजे आर्केनस्टोन. पुस्तक मुलांचं म्हणून निघालं, पण शेवटच्या काही प्रकरणांत ते वारसाहक्क, करार, नुकसानभरपाई आणि ओलीस ठेवण्याच्या व्यवहारात इतकं शिरतं की एखाद्या दिवाणी वकिलाने वाचताना पेन काढावं. आर्केनस्टोन म्हणजे काय, तो कुणाचा आणि त्याच्यासाठी माणसं (आणि ड्वार्फ आणि एल्फ नावाचे अमर वनवासी) एकमेकांच्या जिवावर का उठतात, हे इथे सोपं करून सांगतो. ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्यासाठी तर जरा जास्तच, कारण सिनेमाने या दगडाचा अर्थ चांगलाच बदललाय.

आधी घराणं. टोल्किन यांच्या जगात ड्वार्फांची सात कुळं आहेत, त्यात थोरलं ड्युरिनचं. मोरिया हे त्यांचं मूळ गाव. तिथून एका राक्षसी शक्तीने हुसकल्यावर त्यांचा एक राजा, पहिला थ्राइन, पूर्वेकडच्या एरेबोर नावाच्या एकट्या उभ्या डोंगराखाली आला आणि तिथे राज्य वसवलं. टोल्किन यांच्या कालगणनेत हे तिसऱ्या युगाचं १९९९ वं वर्ष. डोंगराच्या मुळाशी खणताना हे रत्न मिळालं, म्हणून त्याला ‘डोंगराचं काळीज’ असंही म्हणतात. ते सापडलं तेव्हा स्वतःच मंद उजळत होतं. त्याला पैलू मात्र ड्वार्फांनी पाडले. त्यानंतर त्याच्यावर पडलेला साधा मशालीचा उजेडही हजार ठिणग्यांनी पांढराशुभ्र होऊन, मधूनच इंद्रधनुष्याची झाक घेऊन परत फिरायचा. आकाराने इतकं मोठं की बिल्बोची मूठ त्याच्यावर मिटत नाही.

म्हणजे निम्मं डोंगराचं देणं आणि निम्मी कुळाच्या हातांची कारागिरी. नुसतं सापडलं असतं तर ते नशीब म्हणता आलं असतं, आणि नुसतं घडवलं असतं तर दागिना. ही दोन्ही एकत्र आल्यावर ते ‘आमचं’ होतं.

पुढची गोष्ट पुस्तकाच्या मुख्य कथेत नाही, टोल्किन यांनी नंतर दुसऱ्या ग्रंथाच्या परिशिष्टात लिहिली आहे. या थ्राइनचा मुलगा एरेबोर सोडून उत्तरेच्या डोंगरांत गेला. कित्येक पिढ्यांनी तिथे ड्रॅगनचा त्रास वाढला, राजा मारला गेला आणि त्याचा वारस थ्रॉर एरेबोरला परतला. परतताना त्याने आर्केनस्टोन पुन्हा थ्राइनच्या महालात आणला. हे एकच वाक्य आहे, पण त्याचा अर्थ असा की मधली जवळजवळ चारशे वर्षं राजघराणं जिथे गेलं तिथे दगडही गेला. आपल्याकडे कुटुंब पोटापाण्यासाठी गाव सोडून मुंबईला जातं तेव्हा देवघरातले टाक फडक्यात गुंडाळून बरोबर नेतं, तसंच. घर मागे राहतं, पण टाक मागे ठेवत नाहीत.

थ्रॉरच्या काळात एरेबोरची इतकी भरभराट झाली की वास दूरवर गेला. २७७० मध्ये स्माउग नावाचा ड्रॅगन आला. शेजारचं डेल हे माणसांचं शहर त्याने बेचिराख केलं, तिथला अधिपती गिरियन मेला आणि ड्वार्फ वाचले तेवढे पळाले. थ्रॉरचा नातू थॉरिन त्या वेळी चोवीस वर्षांचा, म्हणजे ड्वार्फांच्या मानाने अजून पोरच. तो बिल्बोला घेऊन परत येतो २९४१ मध्ये. मधली १७१ वर्षं त्याने परमुलखात घण मारत काढली. आजोबांचा खून होऊन शिर धडावेगळं केलं गेलं, वडील कैदेत मेले. त्याच्याकडे उरलं काय, तर एक नकाशा, एक किल्ली आणि त्या दगडाची आठवण. तो आर्केनस्टोनबद्दल बोलू लागतो तेव्हा एरवी रुक्ष, मोजूनमापून बोलणारा हा गृहस्थ एकदम कवी होतो.

आता मला या दगडाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: तो काहीही करत नाही.

काल्पनिक जगातला मौल्यवान दगड म्हटलं की आपण त्याच्याकडून काहीतरी करामतीची अपेक्षा ठेवतो. तो अदृश्य करील, आग ओकील, भविष्य दाखवील. आपल्या पुराणातला स्यमंतक घ्या. सूर्याने सत्राजिताला दिलेला तो मणी भागवतात रोज आठ भार सोनं देतो. तिथेही मणी यादवांच्या घरात कलह लावतो. प्रसेनाचा जीव जातो, कृष्णावर चोरीचा आळ येतो आणि गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये या सांगण्याशी ती कथा कायमची जोडली जाते. पण स्यमंतकासाठी भांडण का, हे लहान मुलालाही कळतं. रोज सोनं देणारी वस्तू कुणाला नको असेल? आर्केनस्टोन सोनं देत नाही, आयुष्य वाढवत नाही, शत्रू मारत नाही. बिल्बोचा हात त्याच्याकडे ओढला जातो तेव्हा लेखक मोहिनीसारखा शब्द वापरतो हे खरं, पण ती मोहिनी सौंदर्याची म्हणूनही वाचता येते. खुद्द बिल्बोच्या खिशात त्या वेळी अदृश्य करणारी अंगठी आहे, म्हणजे खरी जादू तिथेच हजर आहे आणि थॉरिनला तिच्यात काडीचाही रस नाही.

मग त्याची किंमत कशात? माझ्या मते, तो वाटता येत नाही यात. खजिन्यातलं बाकी सगळं सोनं-चांदी वजनावर चौदा ठिकाणी करता येतं. वाटणीच्या वेळी शेत गुंठ्यांत मोडतं, दागिने तोळ्यांत मोडतात, भांडीकुंडीसुद्धा एक तुला एक मला करून निघतात. देवघरातला टाक मात्र मोडत नाही. चांदी असते चिमूटभर, पण तो ज्याच्या घरी जातो त्याच्याकडे कुळाचं थोरलेपण गेलं असं सगळे धरून चालतात. आर्केनस्टोन हा थॉरिनच्या घराण्याचा असा टाक आहे, फरक इतकाच की बाजारातही त्याला मोल आहे. थॉरिन म्हणतो की एरवीसुद्धा तो सोन्याच्या नदीहून मोलाचा, आणि मला तर अमोल.

या दोन किमतींमधल्या फटीत बिल्बोचा पाय अडकतो.

ड्रॅगन बाहेर गेलेला असताना बिल्बो मशाल घेऊन त्या ढिगाऱ्यावर चढतो, त्याला दगड सापडतो आणि तो सरळ सर्वांत खोल खिशात टाकतो. कुणालाही सांगत नाही. ही चोरी झाली का? वाचकांच्या गप्पांत हा वाद कायम रंगतो, म्हणून जरा थांबून पाहू. लेखी करारात फक्त नफ्याच्या हिश्शाची भाषा आहे, कोणती वस्तू कुणाची याबद्दल एक अक्षर नाही. पण त्यानंतर, ड्रॅगन जिवंत असतानाच, थॉरिन त्याला तोंडी शब्द देतो की तुझा चौदावा हिस्सा तू स्वतः निवडून घे. दगड सापडतो तो या शब्दानंतर. आणि ‘हा दगड मी माझ्यासाठी राखून ठेवतो, सापडूनही जो दडवेल त्याचा सूड घेईन’ ही थॉरिनची जाहीर घोषणा येते त्याच्याही नंतर. तारखा लावल्या तर बिल्बोची बाजू अगदीच लंगडी नाही.

अडचण कुठे आहे? बिल्बोला मनातून माहीत आहे. ‘निवडून घे’ म्हणताना थॉरिनच्या मनात हा दगड असणार नाही, हे त्याला खिशात टाकतानाच डाचतं. आता आपण खरंच चोर झालो, असं तो स्वतःशीच म्हणतो. शिवाय एका वस्तूची किंमत मालकच अमोल म्हणतोय, तर ती चौदाव्या हिश्शात बसवायची कशी? कराराच्या शब्दाने तो सुटतो, हेतूने अडकतो. मला विचाराल तर, दगड घेतला तेव्हा तो चूकच होता. पुढे त्याने त्या दगडाचं जे केलं त्याने मात्र माझं मत डळमळतं. तोवर तो हे जगातलं अमोल रत्न चिंध्यांच्या गाठोड्यात गुंडाळून उशाला घेऊन झोपतो, हेही सांगायला हवं.

दरम्यान स्माउग मेलाय. त्याला मारलं बार्ड नावाच्या तिरंदाजाने, आणि मरता मरता ड्रॅगनने सरोवरावरचं त्याचं गाव उद्ध्वस्त केलं. बार्ड डोंगराच्या दाराशी येऊन हिस्सा मागतो. त्याचं म्हणणं तीन पदरी आहे. ड्रॅगन मी मारला. मी गिरियनचा वंशज, आणि या ढिगाऱ्यात डेलची लुटलेली संपत्तीही मिसळलेली आहे. आणि तुम्ही उपाशी आलात तेव्हा आमच्या गावाने तुम्हाला अन्न-वस्त्र दिलं, आज तेच गाव उघड्यावर आहे. यातला एकही मुद्दा खोटा नाही. थॉरिनचं उत्तर असं की दारात सैन्य उभं करून मागणाऱ्याला मी काही देत नाही, आणि सोबत एल्फांचा राजा असेल तर मुळीच नाही, कारण त्याने आम्हाला कैदेत टाकलं होतं. तेही खोटं नाही. मागणी पुढे ठोस होते: खजिन्याचा एक द्वादशांश. थॉरिन निरोप्याच्या ढालीत बाण मारतो. वेढा पडतो.

अशा वेळी बिल्बो रात्री बॉम्बर या ड्वार्फाचा पहारा स्वतःकडे मागून घेतो. जाड्या बॉम्बर खुशीत झोपायला जातो. बिल्बो दोर सोडून भिंतीखाली उतरतो, शत्रूच्या छावणीत जातो आणि बार्ड आणि एल्फराजासमोर दगड ठेवतो. हा घ्या, याच्या बदल्यात थॉरिन तुमच्याशी बोलेल. बार्ड विचारतो, हे तुझं आहे का द्यायला? बिल्बो थोडा चाचरतो आणि सांगतो की माझ्या सगळ्या हिश्शाच्या बदल्यात मी हे धरून चालतोय. एल्फराजा त्याला इथेच थांब म्हणतो, तिकडे तुझा जीव धोक्यात आहे. पण बॉम्बरला ठरल्या वेळी उठवायचा शब्द दिलाय, आणि मित्रांना असं सोडून जाणं बरं नाही, म्हणून हा गडी भिंत चढून परत आत जातो आणि खरंच बॉम्बरला उठवतो.

आता गणित पाहा. दुसऱ्या दिवशी दगड दाखवल्यावर थॉरिन संतापून बिल्बोला भिंतीवरून फेकायला निघतो. तेवढ्यात जादूगार गॅन्डाल्फ समोर येतो आणि बिल्बो वाचतो. मग थॉरिन दात-ओठ खात तोडगा मान्य करतो: सोन्या-चांदीचा एक चतुर्दशांश देईन, रत्नं वगळून, आणि दगड परत घेईन. हा चतुर्दशांश कुणाचा? बिल्बोचा. म्हणजे बिल्बोने वाटणीत न बसणारी वस्तू आपल्या वाटणीच्या किमतीला आणून ठेवली. एक द्वादशांश मागणारे एक चतुर्दशांशावर आले, आणि थॉरिनच्या घराण्याचं तसं पाहिलं तर काहीच गेलं नाही, कारण तो हिस्सा कुणाला तरी द्यायचाच होता. माझ्या पाहण्यातल्या भाऊबंदकीच्या तडजोडींत इतकी सुबक तडजोड झालेली नाही. ती टिकते मात्र एकच रात्र, कारण थॉरिनच्या मनात डाव वेगळा आहे. त्याचा नातेवाईक डाइन (दोघांचे आजोबा सख्खे भाऊ) पाचशे ड्वार्फ घेऊन येतोय. तो आला की हिस्सा न देताच दगड सोडवता येईल का, हे थॉरिन आतून चाचपतोय. मग गॉब्लिन नावाचे दुष्ट जीव सगळ्यांवर चाल करून येतात, भांडणारे सगळे एका बाजूला होतात, आणि त्या लढाईत थॉरिन प्राणघातक जखमी होतो.

इथे सिनेमाकडे वळायला हवं. २०१२ ते २०१४ दरम्यान आलेल्या पीटर जॅक्सनच्या तीन भागांत आर्केनस्टोन म्हणजे राजाची खूण. थ्रॉर तो सिंहासनावर बसवतो, राज्य करण्याचा आपला अधिकार दैवी असल्याचा पुरावा म्हणून. सातही कुळांनी ज्याच्या हाती हा दगड त्याचं ऐकायची शपथ घेतलीय, म्हणून सैन्य हवं तर आधी दगड हवा. पडद्यावर हे सोयीचं आहे. चोराची गरज का, हे एका वाक्यात कळतं. पुस्तकात मात्र यातलं काही नाही. थॉरिन सरोवरावरच्या गावात शिरतो तेव्हाच, फाटक्या कपड्यांत, हातात काहीही नसताना, ‘मी डोंगराखालचा राजा’ असं ठणकावून सांगतो. डाइन मदतीला येतो तो नात्याखातर. आणि पुढे डाइन स्वतः राजा होतो तो दगडाशिवाय. थॉरिनचा हट्ट सत्तेच्या कागदासाठी होता असं सिनेमा सांगतो. पुस्तकात तो हट्ट घराच्या आठवणीसाठी होता, म्हणून जास्त न समजण्यासारखा आणि म्हणूनच जास्त ओळखीचा.

नावाबद्दल दोन शब्द. टोल्किन पेशाने प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक, १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये. त्या भाषेत ‘एओर्क्लनस्टान’ म्हणजे मौल्यवान दगड, आणि जुन्या नॉर्स भाषेत त्याचंच भावंड ‘यार्कनास्टेइन’. आर्केनस्टोन हा त्या मेलेल्या शब्दाला पुन्हा चालता करण्याचा प्रकार आहे. थॉरिनसकट ड्वार्फांची बहुतेक नावंही त्यांनी एका जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून उचलली आहेत. याच शब्दावरून चाहत्यांमध्ये एक लाडका तर्क निघाला. टोल्किन यांच्या प्राचीन कथांमध्ये सिल्मरिल नावाची तीन दिव्य रत्नं आहेत, त्यातलं एक पृथ्वीच्या पोटात पडलं, आणि त्यांचं प्राचीन इंग्रजीत भाषांतर करताना टोल्किन यांनी हाच शब्द वापरला होता. मग आर्केनस्टोन म्हणजे ते हरवलेलं सिल्मरिल तर नव्हे? कल्पना गोड आहे, पण जुळत नाही. सिल्मरिल कुठल्याही हत्याराने फुटत नाही की घासता येत नाही, आणि मर्त्य हातांना ते जाळतं. ड्वार्फांनी तर या दगडाला पैलू पाडले, आणि बिल्बो तो उशाला घेऊन निजला.

लेखकाच्या कच्च्या खर्ड्यांतली एक गोष्ट मला या तर्कापेक्षा जास्त रंजक वाटते. सुरुवातीला हे रत्न ड्वार्फांचं नव्हतंच. ते ‘गिरियनचं रत्न’ होतं, डेलच्या राजाने शस्त्रं-चिलखतांच्या मोबदल्यात ड्वार्फांना दिलेलं. म्हणजे तेव्हा ते मजुरीचं होतं. छापील पुस्तकात त्या व्यवहाराची जागा गिरियनच्या पाचशे पाचूंच्या हाराने घेतली, आणि रत्नाची जन्मकथा डोंगराच्या मुळाशी नेली गेली. मोबदल्यात मिळालेल्या वस्तूसाठी माणूस भांडतो, पण मित्राला भिंतीवरून फेकायला निघत नाही. ती वस्तू कुळाच्या उगमाशी बांधल्यावरच थॉरिनचा तो राग खरा वाटू लागतो.

थॉरिन मरण्यापूर्वी बिल्बोला बोलावून भिंतीवर बोललेले शब्द मागे घेतो. त्याला डोंगराखाली खोल पुरतात. आर्केनस्टोन त्याच्या छातीवर ठेवतो बार्ड, म्हणजे ज्याच्याकडे तो ओलीस होता तोच. कैदेत टाकताना काढून घेतलेली थॉरिनची तलवार एल्फराजा थडग्यावर ठेवतो. आणि डाइन मेलेल्या माणसाचा करार पाळतो. बार्डकडे दगड होता, म्हणून ठरल्याप्रमाणे सोन्या-चांदीचा एक चतुर्दशांश त्याला मिळतो. सोडवणुकीचे पैसे पूर्ण दिले गेले आणि सोडवलेली वस्तू जमिनीत गेली. डाइनने तो दगड स्वतःसाठी मागितला असता तर कुणी अडवलं नसतं, वारस तोच होता. तो मागत नाही. बिल्बो एका तट्टाला पेलतील एवढ्या दोन लहान पेट्या घेतो, एक सोन्याची आणि एक चांदीची, आणि एल्फराजाला एक मोत्यांचा हार देतो, कारण त्याच्या महालात लपून राहिलेला असताना त्याने तिथलं बरंच अन्न न सांगता खाल्लं होतं.

पुढे ७८ वर्षांनी, ३०१९ मध्ये, एरेबोरला पुन्हा वेढा पडतो आणि डाइन दाराशी लढताना मरतो. त्याआधी काळ्या सत्तेचा दूत त्याच्याकडे येऊन गेलेला असतो. तो एका क्षुल्लक अंगठीची चौकशी करतो आणि मोबदल्यात ड्वार्फांच्या जुन्या अंगठ्या परत देण्याचं आमिष दाखवतो. डोंगराखालच्या त्या दगडाचा विषयही तो काढत नाही.